खाडीतले दीड तास

संशय घेण्याबद्दल मला एकवीस वर्षं पगार मिळाला. माझा हुद्दा बिल-कारकुनाचा होता. मालवणचे भाईशेठ हे आमचे मालक. सरकारी इमारती, धक्के, मोऱ्या यांची कंत्राटं ते घेत. कुणाचंही बिल आलं की ते न बघताच माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, "बघा, कुठे पाणी मुरतंय." पाणी कुठेतरी मुरत असणारच, हे आम्ही दोघेही धरून चालत असू. मी मूळचा कुडाळकडचा, पिंगुळीच्या पलीकडल्या एका वाडीतला. आमच्या भातशेतीच्या मुलखात पायली भरणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघतात. अंगठा पायलीच्या आत गेला की मूठभर भात गेलं. मी जन्मभर लोकांचे अंगठेच बघत आलो.

एवढं सांगितलं म्हणजे गुणाजी मेस्त्री आमच्या कचेरीत पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्याकडे कसा बघितला असेन हे कळेल. गुणाजी मिठबावचा. धंदा मोडण्याचा. जुनी गुदामं, पडके धक्के, कलंडलेल्या भिंती तो माणसं लावून उतरवून देई. बांधणारे मेस्त्री किनाऱ्यावर ढिगाने होते. नीट मोडणारा हा एकच. उंच, काटक, एक खांदा जरा खाली गेलेला. आणि जीभ जांभळी! कारण तो लिहायचा त्या जांभळ्या पेन्सिलीनं, जी ओली केली की शाईसारखी उमटते आणि खोडता येत नाही. दर ओळीला ती जिभेला लावायची. चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस इतकं काय लिहितो, हा माझा पहिला संशय.

तो लिहायचा रोजचा कागद. किती गडी, कितीला आले, कितीला गेले, कोणती हत्यारं चालली, कोणती नुसती उभी राहिली. खाली कार्बन. दिवस मावळायच्या आत त्या कागदावर आमची सही हवी. गुणाजीचं सगळं काम रोजावर, म्हणजे जितके तास तितके पैसे आणि सामानाचं भाडं वेगळं. उक्तं, म्हणजे 'हे गुदाम एवढ्याला मोडून दे' अशा बोलीचं काम तो घेतच नसे. भाईशेठनी पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा म्हणाला, "शेठ, उक्त्यात गडी घाई करता. घाईत भिंत अंगार येता. माझो भाव तसोच गेलो."

भाईशेठनी उक्त्याचा विषय सोडला. मी मात्र मनात म्हटलं, भाऊ मेल्याचं सांगून दर वाढवणारे काय कमी बघितलेत?

मग दर ठरायला बसले. गुणाजीकडे साखळीची एक मोठी कप्पी होती, तीन टन उचलणारी, मुंबईच्या गोदीतून आणलेली. चालती असेल तर तासाला बारा आणे, कामावर नुसती उभी असेल तर सहा आणे. पहारी, घण, दोर यांचे वेगळे. आणि शेवटी, बसलेला गडी, पूर्ण रोज.

"बसलेल्या माणसाला पूर्ण रोज?" भाईशेठ ओरडले. "मग तो उभा कशाला राहील?"

"तुमची गाडी दगड उचलूक वेळार इली तर कोण कित्या बसात?" गुणाजी म्हणाला. "आणि गडी बसलो म्हणान प्वाट बसता काय?"

दर मान्य झाले, कारण इलाज नव्हता. गुणाजीच्या कामावर तोवर कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं, आणि तशी कप्पी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पण रोजावर काम करणाऱ्याची एकच पुंजी असते, त्याचा कागद. तो खरा मानला जातो तोवर धंदा चालतो. कागदावरचा विश्वास उडाला की कुणी रोजावर बोलावत नाही. मग उक्तं घ्या नाहीतर घरी बसा. हे गुणाजीला माहीत होतं आणि मलाही. म्हणूनच तो कागदाला जपायचा आणि मी त्या कागदाला टपलेलो असायचो.

त्याचं एक आवडतं वाक्य होतं, "बांधूक अक्कल लागता, मोडूक हिशेब लागता." कुठलीही भिंत मोडायच्या आधी तो ती कुणी बांधली आणि किती दिवसांत बांधली याची चौकशी करी. गावातला एखादा म्हातारा धरून आणी, त्याला दगडावर बसवी, विडी देई. म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून तो ठरवी, कुठला दगड शेवटी बसला होता. तोच पहिला काढायचा. हा चौकशीचा वेळसुद्धा कागदावर यायचा: 'म्हाताऱ्याक इचारूक, पाऊण तास.' मी तो पाऊण तास दरवेळी लाल शाईने कापत असे आणि तो दरवेळी तितक्याच शांतपणे पुन्हा लिहीत असे. आम्हा दोघांचीही शाई त्यात बरीच खर्च झाली.

देवगड बंदरातलं मिठाचं जुनं गुदाम त्याने उतरवलं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे जुनी भिंत मोडायची म्हटलं की साऱ्या गावाला आत मोहरांचा हंडा दिसू लागतो. मोडणाऱ्यांच्या मागे रिकामटेकडी माणसं फिरतच असतात. एके सकाळी मागच्या भिंतीत चिऱ्यांच्या आड खरंच एक मडकं दिसलं. गुणाजीने हात लावला नाही. अकराही गड्यांना खाली उतरवलं, भिंतीपासून वीस पावलांवर ओळीने बसवलं, आणि मला बोलवायला माणूस पाठवला. मी तेव्हा वरच्या आळीत चुन्याचं माप घेत होतो. पोचायला दोन तास लागले. तोवर तिथे अर्धं देवगड जमलेलं, आणि ओळीने बसलेले गडी जेवणाच्या पंगतीसारखे मुकाट.

"तुमीच काढा," गुणाजी म्हणाला. "माझो हात लागूक नाय, ह्या सगळ्यांनी बघल्यानी."

मी मडकं काढलं. आत चुना होता. बांधणाऱ्या गवंड्याने उरलेला चुना मडक्यासकट भिंतीत चिणून टाकला होता. लोक हिरमुसले होऊन गेले. संध्याकाळच्या कागदावर ओळ होती: 'मडक्यासाठी बसलेले, अकरा गडी, दोन तास.'

भाईशेठ खुर्चीतून उठलेच. "हा माणूस मोडायचे पैसे घेतो की मोडायची वाट बघायचे?"

मी तर पुढे गेलो होतो. मडक्यात आधी दुसरंच काही असणार, ते काढून याने चुना भरला असणार, आणि साव दिसायला मला बोलावलं असणार. जो इतकं उघडं दाखवतो तो काहीतरी लपवतोच, असा माझा तेव्हाचा सिद्धांत होता. गावातही बरेच जण तेच म्हणत होते. चार वर्षं झाली, गुणाजीच्या छपरावरचं गवत बदलून कौलं आली नाहीत, तरी माझा संशय हलला नाही. उलट मी म्हणायचो, बघा कसा सावध आहे.

एकदा मात्र मी त्याला खरोखरच पकडला. निदान मला तसं वाटलं. पावसाआधीचे दिवस होते. आमच्या एका कामावर कप्पी चार दिवस उभ्या भाड्याने होती. मी सहज म्हणून सायकल मारत मिठबावला गेलो, तर किनाऱ्यावर आमची कप्पी माडाच्या खोडाला बांधलेली आणि तिच्या साखळीने एक होडी वाळूवरून वर ओढली जात होती. सगळी वाडी जमली होती. गुणाजी स्वतः साखळीवर.

मी त्याला बाजूला घेतलं. "उभं भाडं आमच्याकडून आणि चालतं भाडं यांच्याकडून?"

"ह्यांच्याकडसून भाडा?" त्याला हसूच आलं. "कारकुनानू, पावसाच्या आधी होडी वर घेताना कोणी भाडा मागता काय? ज्याच्याकडे दोर तो दोर हाडता, ज्याच्याकडे खांदो तो खांदो देता. माझ्याकडे कप्पी. नाय म्हटलंय तर उद्या माका गावात पाणी कोण देतलो?"

"पण त्या वेळेला कप्पी आमची होती."

"तुमचीच आसा. तुमचो माणूस आता इलो असतो तर होडी अर्ध्यार सोडून कप्पी दिली असती." मग जरा विचार करून म्हणाला, "दोन तास वजा करा. होडी तुमच्या खर्चान वर घेवक नको."

होडीवाल्याने मला खाजं दिलं, चहा दिला. मी दोन्ही घेतलं आणि दोनऐवजी चार तास कापले. त्या दिवशी मला गुणाजी थोडा आवडला होता, हे आज कबूल करतो. तेव्हा ते मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. ज्याची बिलं तपासायची तो माणूस आवडू लागला म्हणजे कारकून संपला, असं मला वाटायचं.

आता मुख्य गोष्ट.

देवगडच्या खाडीत आत, समुद्रापासून बरंच वर, एक जुना दगडी धक्का होता. तो मोडून नवा बांधायचं काम भाईशेठना मिळालं आणि मोडणं गुणाजीकडे आलं. धक्क्याचा पाया पाण्यात. सुकती लागली, म्हणजे ओहोटीने पाणी उतरलं, की पाणी तळाला जायच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन मिळून चार तास काम करता येई. भरतीचं पाणी कमरेला आलं की गडी बाहेर. त्यामुळे कामाची वेळ रोज सरकायची. कधी पहाट, कधी भर दुपार.

भातशेतीतल्या माणसाला हे सगळं नवीन. बिल तपासायचं तर समुद्राचं वेळापत्रक हवं. देवगडला मी राहायचो तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने मला किनाऱ्यावरचं साधं गणित शिकवलं. तिथीची पाऊण पट करायची. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहाचे पाऊण साडेचार. साडेचारला भरती आणि तिथून सहा तासांनी, साडेदहाला, सुकती. हे गणित हाती आलं आणि मला जणू समुद्राच्याच अंगठ्यावर नजर ठेवता येऊ लागली. पंचांग आता मी बिलांच्या फायलीतच ठेवू लागलो.

पण काम ऐन रंगात असताना मला मालवणच्या दुसऱ्या कामाच्या मापांसाठी जावं लागलं. गुणाजीला म्हटलं, "कागद लिहून ठेवा. आलो की एकदम सह्या करतो."

"सय रोजची रोज व्हयी, कारकुनानू."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"इस्वासाचा काय..." त्याने पेन्सिल उगीचच जिभेला लावली. "तुमी सयो अडवल्यात, तास कापल्यात. पण केलेली सय कधी नाकारल्यात नाय. बरा. ठेवतंय लिवन."

इतक्या वर्षांत त्याने आपला नियम मोडला तो हा एकदाच, आणि तो माझ्या शब्दावर.

मी एकोणीस दिवसांनी परतलो. धक्का पुरता उतरला होता. काढलेले दगड काठावर मोजून रचले होते. गुणाजीने एकोणीस कागद पुढे ठेवले. मी ते घेऊन खोलीवर गेलो आणि पंचांग उघडलं. षष्ठीचा कागद म्हणत होता, दहा ते दोन. माझं गणित म्हणत होतं, सुकती साडेदहाला, म्हणजे साडेबाराला पाणी कमरेला. मग दोनपर्यंत गडी काय पोहत होते? दुसरा कागद, तिसरा कागद. एकूणएक कागदावर शेवटचे दीड तास माझ्या गणिताच्या बाहेर. अकरा गडी, कप्पी, पहारी, सगळ्यांचे दीड तास, एकोणीस दिवस.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं टपून बसलेल्या मांजराला उंदीर सापडावा तसा. मी एकाही कागदावर सही केली नाही. सगळ्यांवर लाल शाई ओढली आणि भाईशेठपुढे नेऊन ठेवली.

गुणाजीला बोलावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुमचा गणित दर्यार बरोबर आसा. खाडीत नाय. हंय पाणी दीड तास उशिरान सुकता."

"समुद्राचं काय, खाडीचं काय, पाणी एकच," मी म्हटलं.

"पाणी एकच, पण वाट लांब. माझ्यावांगडा चला. दोन दीस काठार उभे ऱ्हवा आणि डोळ्यांनी बघा."

"मला पंचांग पुरेसं आहे."

"पंचांग छापणारो खाडीत उभो ऱ्हवलो होतो काय?"

मी हसलो. वरमलेला माणूस असंच काहीतरी बोलतो, असं मला वाटलं. दोन दिवस काठावर उभं राहायला माझं काय जात होतं? पण मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. जाऊन तो खरा ठरला असता तर?

भाईशेठ माझ्याहून पुढचे निघाले. "एकोणीस दिवस खोटे, तर बाकीचे कशावरून खरे?" म्हणून त्यांनी सबंध बिल निम्म्यावर आणलं. गुणाजी गड्यांना रोजच्या रोज स्वतःच्या खिशातून देत असे. ते पैसे तर देऊन झाले होते. ते त्याने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून आणले होते, हे मला मागाहून कळलं. पाटल्या बुडाल्या. मग कप्पी गेली. घेतली कुणी? भाईशेठनीच, अर्ध्या किमतीत. त्याच्या टोळीतला एक गडी नंतर आमच्याकडे लागला, तो एकदा सांगत होता, "मेस्त्रीची बायल सगळ्यांका सांगता, ह्यांनी खोटे तास लिवले म्हणान माझ्यो पाटल्यो गेल्यो."

"बघा," मी कचेरीत सगळ्यांना सांगितलं, "घरची बाईसुद्धा म्हणते!"

यापेक्षा मोठा पुरावा मला नको होता. बातमी किनाऱ्यावर पसरायला वेळ लागला नाही. गुणाजी मेस्त्री तास वाढवतो. त्याला रोजावर बोलावणं सगळ्यांनीच बंद केलं. भाईशेठनी मोठ्या मनाचा आव आणून उक्तं काम देऊ केलं, पण तो आलाच नाही. टोळी फुटली, निम्मे गडी मुंबईला गेले. गुणाजी कुणाच्या तरी कलमांच्या बागेत राखणीला राहिला असं ऐकलं. मीही त्याला हळूहळू विसरलो, कारण बिलं दुसऱ्यांची येतच होती.

पाच वर्षं गेली. भाईशेठ वारले, मुलांनी धंदा आवरला आणि फायली बांधायचं काम तेवढं माझ्याकडे उरलं. त्याच सुमारास भाचीच्या स्थळासाठी मला खाडीपलीकडे जायचं होतं. नव्या धक्क्यावरून तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, सुटायची, तिच्यात बसलो. पंचमी होती. सवय जाते कुठे? मी मनात पाऊणपट केली. पावणेचारला भरती, पावणेदहाला सुकती. आता साडेदहा वाजलेत, म्हणजे पाणी चढायला लागलंय, आरामात पोचू.

अर्ध्या खाडीत तर वाळूला टेकली आणि थांबली.

"ढकला की," मी तरवाल्याला म्हटलं. "पाणी चढतंच आहे."

"चडता खंय?" तो म्हणाला. "अजून सुकताच आसा. सवाअकरांक वाडूक लागात. बसा सुशेगात."

मी त्याच्याशी वाद घातला. त्याला तिथीचं गणित ऐकवलं. त्याने शांतपणे होडीच्या तळातलं एक वाळकं पान उचललं आणि पाण्यात टाकलं. पान समुद्राच्या दिशेने निघालं. मी घड्याळ बघत राहिलो. पावणेअकरा, अकरा. पाणी चाललं होतं समुद्राकडे. सवाअकराला ते थांबलं आणि बऱ्याच वेळाने तर हलली. पावणेदहाच्या ऐवजी सवाअकरा. दीड तास.

आजूबाजूची माणसं गप्पा मारत होती. मी बोटांवर एकोणीस दिवसांचे दीड-दीड तास मोजत होतो. भाचीच्या स्थळाकडे त्या दिवशी मी काय बोललो, काय खाल्लं, मला आठवत नाही. लाज वाटत होती, आणि ती एकट्यानेच वाटून घ्यावी लागत होती, कारण ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता.

बांधलेल्या फायलींतून मी ते एकोणीस कागद काढले आणि मिठबावला गेलो. चैत्र होता, कलमं लगडली होती. बागेच्या टोकाला गवताची खोप, तिच्या पुढ्यात गुणाजी जाळी विणत बसला होता. केस पांढरे झालेले. जीभ आता जांभळी नव्हती, ते पहिल्यांदा नजरेत भरलं.

"कोण ता?"

"मी. भाईशेठांचा कारकून."

"शेठीच्या पोरांनी धाडल्यानी?"

"कुणी पाठवलं नाही." आणि उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं. तर, वाळू, पान, सवाअकरा. तो विणता विणता ऐकत होता.

"ता माका म्हायत होता," म्हणाला. "तुमका कळाक पाच वर्सा लागली."

मी कागद काढले. "जुन्या तारखा घालून सगळ्यांवर सह्या करतो."

"तुमी थंय होतात?"

"नाही."

"गडी बघल्यात पाण्यात?"

"नाही."

"मगे सय कसली करतात? सय म्हणजे मी बघलंय."

मी खिशातून पाकीट काढलं. कापलेल्या तासांचा हिशेब करून माझ्या साठवणीतले आणले होते. त्याने हातही पुढे केला नाही. "हे पैसे शेठीन देवचे होते. तुमच्याकडसून माझा कायच येना नाय." मग डोळे बारीक करून माझ्याकडे बघू लागला. "तुमका काय व्हया ता खरा सांगा. पोरांनी तुमका कोर्टात ओढल्यानी काय?"

"काही नको मला."

"कायच नको म्हणणारो माणूस मी अजून बघूक नाय."

त्याच्या जागी मी असतो तर अगदी हेच बोललो असतो. इतकी वर्षं मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर आज माझ्यावर होती, आणि ती इतकी बोचत असेल हे मला ठाऊक नव्हतं. माझे डोळे भरून आले. त्याचाही त्याला संशय आला असावा, कारण तो दुसरीकडे बघू लागला.

मग त्यानेच विचारलं, "खरा असात ता लिवशात? आजची तारीख घालून?"

मी कोरा कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं. धक्क्याच्या कामाच्या एकोणीस दिवसांचे जे तास मी खोटे म्हणून कापले ते बहुधा बरोबर होते. खाडीतल्या पाण्याची वेळ मला माहीत नसल्याने चूक माझ्याकडून झाली. खाली सही, आजची तारीख. त्याने कागद घेऊन अक्षर न् अक्षर वाचला.

"बहुधा काढा."

मी 'बहुधा' खोडलं आणि खोडल्याजागी पुन्हा सही केली.

मग त्याने खोपीकडे तोंड करून हाक मारली, "गो, भायर ये जरा."

त्याची बायको ओले हात लुगड्याला पुसत बाहेर आली. हात मोकळे होते, नुसत्या काचेच्या बांगड्या. तिने मला ओळखलं नाही.

"वाचा," गुणाजी मला म्हणाला. "मोठ्यान."

मी वाचलं. शाळेत उभं करून वाचायला लावावं तसं, एकेक शब्द सुटा करून. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. गुणाजी पुन्हा जाळी हातात घेऊन बसला होता, पण गाठ काही पडत नव्हती.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं. या वेळी नावासकट, तारखेसकट. तिने हात पुढे केला आणि कागद मागून घेतला. गुणाजी म्हणाला, "तुमी जावा आता, कारकुनानू. ऊन वाढतला."

मी निघालो. फाटकाशी पोचल्यावर राहवलं नाही, मागे वळून बघितलं. तिला अक्षरओळख नव्हती. कागद दोन्ही हातांत धरून ती त्याच्यावरून बोट फिरवत होती, पहिल्या ओळीपासून खालपर्यंत, सावकाश. आणि गुणाजी जाळी टाकून तिच्यापुढे येऊन उभा होता, बिल मंजूर होतंय की नाही याची वाट बघावी तसा.